बोर्डाचा भाव, बांधावरचा भाव

रोज दिवेलागणीच्या सुमारास माझ्या फोनवर केळीचा भाव येतो. मी केळी पिकवत नाही. दिवाणी न्यायालयातली नोकरी संपल्यापासून मी धुळ्याला देवपुरात राहतो, आणि माझ्या मालकीची शेती म्हणजे परसातले कढीपत्त्याचे एक झाड. तरीही तो निरोप येईपर्यंत मी पडवीत फेऱ्या घालतो, आणि आला की चष्मा शोधत घरात फेऱ्या घालतो.

निरोप असतो पूर्व जळगावातल्या एका तालुक्याच्या बाजार समितीचा. समितीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर त्या दिवसाचा भाव खडूने लिहितात, कोणीतरी त्याचा फोटो काढतो, आणि साऱ्या केळीपट्ट्यात तो फिरतो. त्या फळ्याला सगळे 'बोर्ड' म्हणतात. बोर्डावर ओळी थोड्याच असतात. नव्या लागवडीचा पहिला माल म्हणजे नवती. तिचा भाव सर्वांत वर. कापलेल्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलावर येणारा माल म्हणजे पिलबाग. त्याचा भाव त्याखाली. आणि अगदी तळाशी वापसी, म्हणजे बारीक, डागी, व्यापाऱ्याला नकोसा माल.

माणसासारखाच हा भावही स्वस्थ बसत नाही. रमजानात चढतो, श्रावणात उपासांबरोबर चढतो, बाजारात आंबा आला की पाय घसरल्यासारखा खाली येतो. उत्तरेत धुके पडले, गाड्या अडकल्या, की आमच्याकडे उतरतो. कारण नेहमी शेकडो कोस दूर असते आणि फटका नेहमी बांधावर बसतो. चढण्याउतरण्याबद्दल माझी तक्रार नाही. वादी आणि प्रतिवादी दोघांनाही कधी ना कधी हरावे लागते, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. माझी तक्रार आहे ती निकाल एक लागतो आणि अंमल दुसऱ्याच गोष्टीचा होतो, याबद्दल.

याचे पहिले प्रात्यक्षिक मला घराजवळच मिळाले. पांझरेच्या पुलाअलीकडे एक केळीवाला हातगाडी लावतो. यंदाच्या उन्हाळ्यात भाव चार-पाच संध्याकाळी सलग उतरल्यावर मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. डझनाचा दर होता तोच होता.

"भाव उतरला आहे," मी म्हणालो.

"कोठे उतरना, आबा?"

"तापीकाठी."

"मंग तापीकाठेच जाईसन ल्या ना."

"चढतो तेव्हा दुसऱ्या दिवशी तुमच्या गाडीवर चढतो. उतरतो तेव्हा का उतरत नाही?"

त्याने केळीचा फणा उचलून पाठीकडून पाहिला, पुन्हा ठेवला. "चढाले जिना शे, आबा. उतराले नही." शेजारच्या पेरूवालीला हसू आवरेना. मग तो समजुतीने म्हणाला, "डझनमागे एक जास्ती टाकस, पन आते भांडू नका."

जास्तीचे केळे मी घेतले नाही. त्याच दुपारी संबंधित खात्याला पत्र लिहिले. उत्तर आले की किरकोळ फळविक्रीच्या दरावर कायद्याने कोणतेही बंधन नाही. उत्तर बरोबर होते. बरोबर उत्तरांनी येणारा संताप हा सर्वांत वाईट, कारण त्याला अपील नसते.

पण या उन्हाळ्यात भावासाठी जीव टांगणीला लागला होता तो माझा नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीचा.

अक्का तापीकाठच्या एका गावात राहते. आमचे मूळ गाव तिथून जवळच. मेहुणे गेल्यापासून केळीची बाग ती एकटी सांभाळते, आणि चांगली सांभाळते. मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. पोरगा सरळ आहे, आईवर माया आहे, आणि म्हणूनच त्याला आईने उन्हात शेत राखू नये असे वाटते. शेत खंडाने द्यावे, वर्षाचे ठरलेले पैसे घ्यावे, आईने पुण्याला यावे, असे त्याचे म्हणणे. अक्काला पुणे आवडत नाही. पुण्याच्या घरात आपण खुर्चीवर ठेवलेल्या पिशवीसारखे असतो, असे ती म्हणते.

होळीला तो गावी आला होता, मीही गेलो होतो. ओट्यावर बसलो असताना त्याच्या फोनवर बोर्डाचा फोटो आला. पुण्यात बसूनही तो रोज बघतो.

"आई, मागच्या कापणीला तुला बोर्डाचा भाव मिळाला होता का?"

"बोर्डाचा भाव कोनाले भेटते, बापा? बांधावर जे देतीन ते घ्या लागते."

हे अक्काने अशा सहजतेने सांगितले की जणू सूर्य पूर्वेला उगवतो असे सांगितले. आमच्याकडे केळी बाजारात नेत नाहीत. व्यापारी बागेत येतो, कापणाऱ्या मजुरांची टोळी त्याची, गाडी त्याची, काटा त्याचा. ज्या दिवशी घड कापले जातील त्या दिवशीचा बोर्डाचा भाव धरायचा अशी रीत आहे. आणि त्या भावातून बांधावर काहीतरी कमी करायचे अशीही रीत आहे. ऊन आहे, गाडी मिळत नाही, पुढे मागणी नाही, अशी कारणे व्यापारी सांगतो. शेतकरी मान हलवतो. दोन्ही रिती इतक्या जुन्या आहेत की पहिली दुसरीच्या पोटात कधी गेली हे कोणाच्या लक्षात नाही.

भाचा म्हणाला, "म्हणजे जाहीर केलेला भावसुद्धा मिळत नसेल तर ही शेती कशाची? आई, आपण ठरवू. उन्हाळ्यातला माल बोर्डाच्या भावाने गेला, तर शेत तुझ्याकडे. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही गेला, तर पावसाळ्यापासून खंडाने. कबूल?"

अक्का ज्वारीचा पापड मोडत होती. "कबूल," ती म्हणाली.

"मामा, तुम्ही साक्षीदार."

तोंडी करारही करारच असतो. मी साक्षीदार झालो, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

पुढचे दोन महिने मी काय केले ते थोडक्यात सांगतो. बाजार समितीला पत्र लिहिले की जाहीर भावापेक्षा कमी दराने खरेदी करण्याचा अधिकार परवानाधारक व्यापाऱ्यास कोणत्या कलमाने मिळतो, ते कळवावे. उत्तर नाही. स्मरणपत्र. उत्तर नाही. दुसरे स्मरणपत्र, प्रत वरिष्ठ कार्यालयास. उत्तर आले की आपले पत्र वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवले आहे. वरिष्ठ कार्यालयाचे उत्तर आले की आपले पत्र बाजार समितीकडे योग्य कार्यवाहीसाठी पाठवले आहे. माझी दोन्ही पत्रे बहुधा वाटेत एकमेकांना भेटली असावीत.

इकडे वैशाख लागला, आंबा आला, आणि भाव रोज संध्याकाळी एक पायरी उतरू लागला. अक्काची बाग कापणीला आली होती. घडाचे केळ भरले की त्याच्या कडा मोडतात, ते गोल होते; मग त्याला थांबवता येत नाही. झाडावरच पिवळे पडले तर लांबच्या गाडीला ते चालत नाही. न्यायालयात मी हजारो तारखा लिहून दिल्या असतील. केळीचा घड तारीख घेत नाही.

अक्काचा फोन आला. "भाऊ, व्यापारी परवा येतो म्हनते. भाव सांगून राह्यला तो बोर्डाच्या लय खाली."

"तू हो म्हणू नकोस. मी येतो."

"तू येऊन काय करशीन? केयीले पत्र देशीन का?"

पहाटेच्या एसटीने मी निघालो. जळगाव गेले, भुसावळ गेले, दीपनगरची धुराडी मागे पडली, आणि मी खिडकीशी बसून मनात युक्तिवाद मांडत होतो. अक्काच्या घरी न जाता प्रथम तालुक्याला उतरलो आणि थेट बाजार समितीत शिरलो. बोर्ड भिंतीवरच होता. मी त्यासमोर उभा राहून भाव वाचला, मग सचिवांच्या खोलीत गेलो. कूलर सुरू होता. सचिव तरुण होते, नम्र होते, आणि माझे नाव ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली ती माझ्या पत्रांचीच.

"बसा ना, नाना."

"मी बसायला आलेलो नाही. तो भाव कोण काढतो?"

"समिती. व्यापारी, शेतकरी प्रतिनिधी, सगळे मिळून."

"मग तो देत का नाहीत?"

"नाना, जाहीर भाव मार्गदर्शक असतो."

"कोणाला मार्ग दाखवतो? पुण्याला बसलेल्या माझ्या भाच्याला रोज दाखवतो. बांधावर आलेल्या तुमच्या व्यापाऱ्याला दिसत नाही."

बाहेर काम घेऊन आलेले दोघेतिघे दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यापैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "धुयाचे हायेत. पत्रवाले." मला याचे वाईट वाटले नाही.

सचिवांनी चहा मागवला, मी तो नाकारला, त्यांनी तो तरीही ठेवला. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि त्या व्यापाऱ्याला माझ्यासमोर सांगितले की उद्या अक्काच्या बागेत बोर्डाचाच भाव द्यायचा. मी म्हणालो, हे लेखी द्या. ते म्हणाले, सांगितले ना, नाना. मी तसाच उभा राहिलो. त्यांनी समितीच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला.

त्या संध्याकाळी अक्काने तो कागद चुलीजवळच्या कोनाड्यात, देवाच्या तसबिरीमागे ठेवला. "भेटला खरंच?" तिने तीनदा विचारले. जेवायला कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. रात्रीपर्यंत शेजारपाजारच्या बायका येऊन गेल्या, आणि प्रत्येकीला अक्काने एकच वाक्य सांगितले: "माह्या भावानं बोर्डाचा भाव आनला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. व्यापारी शेजारच्याच गावचा, खांद्यावर पांढरा टॉवेल, बोलायला गोड. अक्काला वाकून नमस्कार केला, मलाही केला.

"नाना, तुमचा शब्द कसा मोडणार? बोर्डाप्रमाणे. एक पैसा कमी नाही."

टोळी बागेत शिरली. कोयत्याचा घाव, पानांची सळसळ, आणि घड डोक्यावर घेऊन माणसे बाहेर येऊ लागली. बांधावर केळीची पाने अंथरली होती. व्यापारी तिथे उभा राहून प्रत्येक घडाला हात लावत होता आणि बोट दाखवत होता. हा इकडे. हा तिकडे. हा तिकडे. हा इकडे. मला वाटले, गाडीत रचण्याची सोय असेल. तिकडचा ढीग इकडच्या ढिगाएवढा झाला तेव्हा मी विचारले.

"हे दोन ढीग कशाचे?"

"ही नवती. ही वापसी."

"वापसी? या घडात काय वाईट आहे?"

"जरा बारीक आहे, नाना. हा बघा, इथे डाग. उन्हाचा चट्टा."

डाग होता. बाजरीच्या दाण्याएवढा होता. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला तेव्हाही तेवढाच होता.

"वापसीची व्याख्या कुठे लिहिली आहे?"

"ती डोळ्यांत असते, नाना. तीस वर्षं हेच करतो मी." मग तो अगदी आदराने म्हणाला, "तुम्हीच म्हणाले ना, बोर्डाप्रमाणे. बोर्डावर वापसीचाही भाव आहे. तो पण पूर्ण देणार."

मी न्यायालयात असे युक्तिवाद ऐकले आहेत. ते करणारे वकील पुढे मोठे झाले. इथे मला हरकत घेता येत नव्हती. कारण कागदावर मी 'बोर्डाचा भाव' एवढेच लिहून घेतले होते, आणि त्याच्या बोलण्यात त्या कागदाचा भंग कुठेच नव्हता.

टोळी थांबली होती. कोयतेवाला पाण्याची बाटली तोंडाला लावून मजा बघत होता. व्यापारी माझ्याकडे पाठ करून अक्काकडे वळला.

"अक्का, ऐका माझं. आपली नेहमीची पद्धत बरी. बोर्डाच्या थोडं खाली, पण सगळा माल एका भावात. निवडानिवड नाही, वापसी नाही. गाडी उभी आहे, ऊन चढतंय. तुम्हीच हिशेब करा, दोन पैसे जास्तच येतील तुम्हाला."

हेही खरे होते. बांधावरच्या प्रत्येकाला तो हिशेब तोंडी करता येत होता, मलाही. अक्काने पदराने तोंड पुसले.

"भाऊ, कायद्यानं कोनतं बरोबर?"

"पहिलं. बोर्डाचं."

"अन् पैशानं?"

मी दोन्ही ढिगांकडे पाहिले. "दुसरं," शेवटी म्हणालो.

ती दोन्ही ढिगांमधून चालत गेली. एका घडाला, मग दुसऱ्या ढिगातल्या घडाला तिने हात लावला. त्या हातात आणि व्यापाऱ्याच्या हातात फरक एवढाच होता की या हाताने त्यांना पाणी दिले होते. पैसे तिला नको होते असे नाही. पण नेहमीच्या पद्धतीने माल गेला, की पावसाळ्यापासून पुणे.

"इकडचा माल बोर्डानं मोज," ती म्हणाली. "तिकडचा मी देत नही."

"ठेवून काय करसान, अक्का? दोन दिवसांत पिवळा पडीन."

"ते माह्यं मी पाह्यते. तू तुही नवती उचल. तुही नजर लय बारीक हाये, तिले काम दे."

टोळीतले सगळे हसले, व्यापारीही हसला, कारण त्याचे फारसे काही गेले नव्हते. इकडचा ढीग काट्यावर चढला, बोर्डाच्या भावाने मोजला गेला, आणि गाडी अर्धी रिकामी निघून गेली. तिकडच्या ढिगासाठी अक्काने शेजारच्या गावच्या वेफरवाल्याला फोन केला. तो संध्याकाळी टेम्पो घेऊन आला. त्याला कच्चे केळ हवे होते, चट्टे त्याने पाहिलेही नाहीत. पातळ चकत्यांत चट्टा दिसत नाही. त्याने दिलेला भाव वापसीपेक्षा वर आणि नवतीपेक्षा खाली होता. त्याच ढिगातला एक घड मी मागून घेतला, गोणपाटात बांधला आणि एसटीत मांडीशी धरून धुळ्याला आणला. कंडक्टरने त्याचे तिकीट मागितले. मी नियम विचारला. मग त्याने मागितले नाही.

घरी घड पिकल्यावर दोन फणे घेऊन मी पुलाअलीकडच्या हातगाडीवर गेलो.

"हा माल कोणत्या नंबरचा?"

त्याने फणा हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. "पह्यला नंबर शे, आबा. कोठेन लई उनात?"

"वापसी आहे."

"कोन म्हनस?"

"तापीकाठचा व्यापारी."

"मंग त्याले सांगा, मना कडे धाडी दे बठ्ठी वापसी." आणि फणा त्याने आपल्या गाडीवर, अगदी समोरच्या बाजूला, ठेवूनही दिला. डझनाचा दर तोच.

भाच्याशी बोलणे व्हायचे होते. तो फोनवर म्हणाला, "मामा, अर्धाच माल बोर्डाने गेला. म्हणजे अट पूर्ण झाली नाही."

मी म्हणालो, "जो माल नवती म्हणून विकला गेला, तो सगळा बोर्डाने गेला. जो विकला नाही, तो अटीत येत नाही."

"वेफरवाल्याला विकलाच ना?"

"त्याचा बोर्डाशी संबंध नाही. तो परवानाधारक व्यापारी नाही."

"मामा, तुम्ही साक्षीदार होता. वकील कधी झालात?"

मी आणखी मुद्दे काढणार होतो. अक्का त्या दिवसांत माझ्याकडेच आली होती. तिने हात पुढे करून फोन माझ्याकडून घेतला.

"ऐक रे. तुम्ही दोघं भांडू नका. जेवढा माल बोर्डानं गेला तेवढं शेत माह्यं. बाकीचं दे तू खंडानं."

भाच्याने विचारले, "कोणतं अर्धं?"

"विहिरीकडचं माह्यं."

"विहीर पण तुझीच का मग?"

"दुसऱ्याले पानी देईन ना. मी काय व्यापारी हाये?"

तो हसला, आणि मला ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हणाला, "मामा, हे कायद्यात बसतं का?"

तडजोडीचा हुकूमनामा असे याला म्हणतात आणि त्यावर अपील चालत नाही, असे मी सांगितले. तरी माझे समाधान झालेले नव्हते, आजही नाही. एका माणसाच्या डोळ्यांत असलेल्या व्याख्येने माझ्या बहिणीचे अर्धे शेत नेले, आणि त्यात बेकायदेशीर असे काहीही घडले नाही. मी समितीला लिहिले की वापसी म्हणजे नेमके काय, डाग किती, केळ किती बारीक, हे भावाशेजारीच बोर्डावर लिहावे. विषय विचाराधीन आहे असे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले. आता माझ्याजवळ त्यांच्या शिक्क्यांचा चांगला संग्रह झाला आहे.

मृगात अक्काने विहिरीकडच्या अर्ध्यात नवी लागवड केली. पलीकडच्या अर्ध्यात खंडाने घेणाऱ्याने कापूस लावला. श्रावणात मी गेलो तेव्हा तिची केळीची रोपे गुडघ्याला आली होती, आणि दोन्हींच्या मधे एक नवा बांध उभा होता. त्यावर अजून गवत धरले नव्हते. आम्ही ओट्यावर बसलो होतो. फोन वाजला, आणि मी चष्म्यासाठी खिसे चाचपू लागलो.

"आता काय पाह्यतो?" अक्का म्हणाली. "माह्या केयीले अजून पानंच हायेत."

"भाव चढला आहे. खूप चढला आहे. नवतीचा तर—"

"आज कोनाची कापनी हाये का गावात?"

"माहीत नाही."

"कोनाचीच नही. सगळ्यांची वैशाखात झाली." तिने कोपऱ्यातली विळी उचलून आत ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. "लाइट आली वाटते. मी मोटर लावून येते. पयले त्याच्या कापसाले सोडते, मग माह्या केयीले."

ती गेली. मी फोनवरचा भाव पुन्हा एकदा वाचला, आणि मग अंगणात, ती परत येईपर्यंत, फेऱ्या घालत राहिलो.